गुड फ्रायडेला क्रुसाची गाणी ऐकताना लोक का रडतात, का गप्प होतात?

नगर-मनमाड रस्त्यावरचं राहाता बहुतेकांना शिर्डीच्या अलीकडचं गाव म्हणून माहीत असतं. पण राहाता, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यात मराठी बोलणारा मोठा ख्रिस्ती समाज राहतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात गुड फ्रायडे येतो, तेव्हा इथल्या चर्चमध्ये आणि वस्त्यांवर येशूच्या मरणाची गाणी म्हटली जातात.

ही गाणी ऐकणाऱ्यांचं वागणं वेगवेगळं असतं. कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं, कुणी मान खाली घालून बसतं, कुणी गुडघे टेकतं. गाणं संपल्यावर टाळ्या मात्र कुणी वाजवत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेममध्ये झालेल्या मृत्यूचं गाणं ऐकून आजच्या माणसाला असं का होतं? आणि अशा गाण्यांमुळे इतिहासात वाईटही घडलं आहे का?

समजून घेऊया.

ही गाणी कधी म्हणतात?

ईस्टरच्या आधीचे ४० दिवस ख्रिस्ती लोक उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ पाळतात. त्याचा शेवटचा आठवडा म्हणजे पवित्र सप्ताह. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ईस्टरची तारीख चंद्रावरून ठरते, त्यामुळे गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येऊ शकतो.

मराठीत या मृत्यूच्या साधनाला दोन शब्द आहेत. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये 'वधस्तंभ' वाचायला मिळतो. कॅथलिक लोक जास्त करून 'क्रूस' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या 'क्रुझ'वरून आला. कोकणीतला 'खुरीस' त्याचाच भाऊ.

कॅथलिक चर्चमध्ये या काळात 'क्रुसाची वाट' ही भक्ती होते. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंत १४ टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून प्रार्थना करायची आणि पुढच्या टप्प्याकडे जाताना गाणं म्हणायचं, अशी पद्धत. अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ अशी तीन तासांची उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात आणि मध्ये मध्ये गाणी म्हणतात.

या गाण्यांत असं काय असतं?

येशूच्या मरणाची गोष्ट ऐकणाऱ्यांना आधीच पाठ असते. पुढे काय होणार याची उत्सुकता नसते. मग गाणं करतं काय? ते ऐकणाऱ्याला त्या प्रसंगात नेऊन उभं करतं. कुठे उभं करतं, यावर ऐकणाऱ्याच्या मनात काय उठेल ते बरंचसं अवलंबून असतं.

जगभरात गाजलेली अशी गाणी पाहिली तर उभं राहण्याच्या चार जागा दिसतात: आईशेजारी, क्रुसासमोर, गर्दीत आणि थेट क्रुसावर.

पहिली जागा: आईशेजारी

'स्ताबात मातेर' हे लॅटिन काव्य १३व्या शतकातलं मानलं जातं. ते कुणी लिहिलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. विषय एवढाच की मुलगा क्रुसावर आहे आणि आई खाली उभी आहे. गाणारा त्या आईकडे तिच्या दुःखातला वाटा मागतो.

१६व्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर हे काव्य मिस्सेतून काढलं गेलं, पण लोकांच्या तोंडून गेलं नाही. १७२७ मध्ये ते अधिकृतपणे परत आलं. पेर्गोलेझी या इटालियन संगीतकारानं १७३६ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, मृत्यूच्या थोडं आधी त्याला दिलेलं संगीत आजही जगभर वाजतं.

या गाण्याचं दुःख समजायला धर्मशास्त्र माहीत असावं लागत नाही. ज्या घरात तरुण मुलगा गेला आहे, त्या घरातल्या बाईला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. नगर जिल्ह्यात मारियेला 'मातमाउली' म्हणतात आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरमध्ये तिच्या यात्रेला मोठी गर्दी होते. यात्रेला येणाऱ्यांसाठी मारिया आधी आई असते. क्रुसाखाली तिला उभी पाहणं त्यामुळे जास्त जवळचं वाटतं.

दुसरी जागा: क्रुसासमोर

इंग्रज कवी आयझॅक वॉट्स यांचं 'व्हेन आय सर्व्हे द वंड्रस क्रॉस' हे गाणं १७०७ मध्ये छापलं गेलं. इथे गर्दी नाही, आई नाही. एक माणूस क्रुसाकडे बघतो आणि स्वतःच्या मोठेपणाचा, कमाईचा हिशेब पुन्हा मांडतो.

हे गाणं महात्मा गांधींना फार आवडायचं. सप्टेंबर १९२४ मध्ये हिंदू-मुस्लीम दंग्यांमुळे व्यथित होऊन त्यांनी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास केला. ८ ऑक्टोबरला तो सुटला तेव्हा कुराणातला भाग म्हटला गेला, विनोबा भावे यांनी उपनिषद म्हटलं आणि सी. एफ. अँड्र्यूज यांनी वॉट्सचं हे गाणं गायलं.

गांधी ख्रिस्ती नव्हते आणि झालेही नाहीत. तरी दंगलीनंतरच्या त्या दिवशी हे गाणं त्यांना हवं होतं. दुसऱ्यासाठी स्वतः दुःख सोसणं ही कल्पना त्यांच्या उपवासातही होती आणि गाण्यातही. ऐकणाऱ्याचा धर्म वेगळा असला तरी गाणं पोचू शकतं, याचं हे ठळक उदाहरण आहे.

तिसरी जागा: गर्दीत

'वेअर यू देअर' हे गाणं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या परंपरेतलं. कवी अज्ञात. १८९९ मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेल्याचं सापडतं. अख्खं गाणं म्हणजे एक प्रश्न आहे: प्रभूला मारलं तेव्हा तू तिथे होतास का? तपशील बदलतो आणि प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तो आठवला की अंगाला कंप सुटतो, असं गाणारा सांगतो. म्हणजे ऐकणाऱ्याला काय होतं, हाच या गाण्याचा विषय आहे.

प्रश्नाचं उत्तर गाण्यात नाही. तू असतास तर कुठे असतास? मारणाऱ्यांत, पळून गेलेल्या शिष्यांत, की बघ्यांत? हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

बाखनं हेच वेगळ्या पद्धतीनं केलं. त्याचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या चर्चमध्ये पहिल्यांदा सादर झालं, असं अभ्यासक मानतात. त्यात येशू सांगतो की तुमच्यापैकी एक जण मला दगा देईल. शिष्य घाबरून विचारतात, तो मी आहे का? त्यावर लगेच येणारं समूहगीत आजच्या श्रोत्यांच्या वतीनं उत्तर देतं की दोषी मीच आहे.

चौथी जागा: क्रुसावर

फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन आणि स्यू बेली थर्मन हे कृष्णवर्णीय अमेरिकन दांपत्य गुजरातमधल्या बार्डोलीत गांधींना भेटलं. तासन्‌तास बोलणं झालं. निघताना गांधींनी त्यांना एक गाणं म्हणायला सांगितलं. ते होतं 'वेअर यू देअर'.

थर्मन यांनी आत्मचरित्रात ही भेट लिहिली आहे. माणसाला दुःखातून जो अनुभव येतो त्याच्या मुळाशी हे गाणं जातं, असं गांधींना वाटत होतं.

त्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारण्याचे प्रकार चालू होते. १८७७ ते १९५० या काळात अशा चार हजारांहून जास्त हत्यांची नोंद आहे. म्हणजे तिथे चर्चमध्ये हे गाणं म्हणणाऱ्यांसाठी लाकडावर टांगलेला निरपराध माणूस ही जुनी गोष्ट नव्हती. तो त्यांच्यातलाच कुणीतरी होता. जेम्स कोन यांनी २०११ मध्ये 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' या पुस्तकात क्रूस आणि ते झाड शेजारी शेजारी ठेवून हीच गोष्ट मांडली.

राहाता-राहुरीच्या पट्ट्यात याच्या जवळचा अनुभव आहे. इथल्या ख्रिस्ती समाजात महार आणि मांग या, तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या, समाजांतून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या पूर्वजांची घरं गावकुसाबाहेर होती. आणि बायबलमधलं इब्री लोकांना लिहिलेलं पत्र सांगतं की येशूनं दुःख सोसलं ते वेशीबाहेर. 'वेशीबाहेर' हा शब्द इथल्या माणसाला कुणी फोड करून सांगावा लागत नाही.

हाच धागा अरविंद निर्मळ या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात 'दलित ईश्वरविज्ञान' म्हणून मांडला. येशूचं दलितपण सर्वांत स्पष्ट दिसतं ते क्रुसावर, असं त्यांचं म्हणणं होतं. मोडलेला, चिरडलेला, टाकून दिलेला माणूस आपल्यापैकीच आहे, असं जेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, तेव्हा रडण्यात फक्त दया नसते. त्यात स्वतःच्या आजोबा-पणजोबांची आठवणही असते.

मग मराठी चाल कशासाठी हवी होती?

गाण्याचा आशय कितीही मोठा असला तरी चाल परकी असेल तर ऐकणारा बाहेरच राहतो. हे नगर जिल्ह्यानं फार लवकर ओळखलं.

अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. सुरुवातीच्या काळात पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवले जायचे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व, इंग्रजी चालीत आघाताला. त्यामुळे लहान अक्षर लांबायचं, लांब अक्षर तुटायचं आणि साधा शब्दही कानाला ओळखू यायचा नाही. खेड्यातल्या माणसाला त्यात आपलं काही सापडणं कठीण होतं.

कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं केली आणि देशी चालीत गाणी लिहिली. कीर्तन लोकांना माहीत होतं. आधी पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान, साथीला टाळ-मृदंग. येशूचं दुःखसहन हे आख्यान म्हणून त्या साच्यात नीट बसलं.

पुढे नारायण वामन टिळक आले. १८६१ मध्ये कोकणात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नगरला आणि नंतर राहुरीला ते राहिले. राहुरी ते राहाता हे एकाच रस्त्यावरचं अंतर. अभंग, ओवी, पदं अशा रूपांत त्यांनी शेकडो भक्तिगीतं लिहिली. मराठी प्रॉटेस्टंट चर्चच्या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या आसपास गाणी आहेत. तुकारामांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये या सगळ्या काळाचं चित्र सापडतं.

ही कल्पना त्याहूनही जुनी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्यांच्या या ग्रंथात येशूच्या मरणाची कथाही आहे आणि तो चर्चमध्ये वाचून दाखवला जायचा. कथा परदेशी असली तरी ओवी ओळखीची होती.

कॅथलिक चर्चमध्ये काय झालं?

नगर जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरूंचं काम १८७८ च्या सुमारास राहुरी तालुक्यातल्या केंदळपासून सुरू झालं. आधी जर्मन आणि पुढे स्विस धर्मगुरू इथे होते. मिस्सा मात्र लॅटिनमध्ये व्हायची. लोक मराठीत प्रार्थना आणि गाणी म्हणायचे, पण गुड फ्रायडेच्या मुख्य विधीची भाषा त्यांची नव्हती.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. स्थानिक भाषेला वाट मिळाली आणि मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांच्या संगीत परंपरेला मान द्यावा, असंही त्यात म्हटलं होतं. आज नगर जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो आणि उपासना मराठीत होते. पेटी, ढोलकी, टाळ चर्चमध्ये आले.

गुड फ्रायडेला मात्र वाद्यं मागे सरतात. गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत वाद्यं वाजवायची तर फक्त गाण्याला आधार म्हणून, असा कॅथलिक नियम आहे. चर्चची घंटाही वाजत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली कथा वाचली किंवा गायली जाते आणि येशूनं प्राण सोडला या वाक्याला सगळे गुडघे टेकून थोडा वेळ गप्प राहतात. नंतर एकेक जण पुढे येऊन क्रुसाचं चुंबन घेतो. म्हणजे ऐकणाऱ्याचं गप्प होणं हा त्या विधीचाच भाग आहे.

दुःखाचं गाणं ऐकावंसं का वाटतं?

यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वेगवेगळ्या देशांतल्या ७७२ जणांना दुःखी संगीताबद्दल विचारलं गेलं. सगळ्यांत जास्त वेळा आलेली भावना दुःख नव्हती. ती होती गतकाळाची हुरहूर. अनेकांना अशा संगीतानं दिलासा मिळत होता.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की संगीत ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं आणि आवडता भाग येणार याची वाट बघतानाही ते स्रवतं. म्हणून पाठ असलेलं गाणंच जास्त हलवतं, यात नवल नाही. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्यांची हृदयाची गती मोजली, तेव्हा ती एकमेकांबरोबर कमी-जास्त होत असल्याचं दिसलं. लांब ओळी एकत्र म्हणताना सगळ्यांचा श्वास एकाच वेळी सुटतो, हे त्यामागचं कारण.

क्रुसाच्या गाण्यांना हे तिन्ही लागू पडतं. ती वर्षातून ठरावीक दिवसांतच म्हटली जातात, त्यामुळे गेल्या वर्षी शेजारी बसलेलं आणि आता नसलेलं माणूस आठवतं. चाल ओळखीची असते. आणि ती संथ लयीत सगळ्यांनी मिळून म्हणायची असते.

आपल्याकडे भरतमुनींनी शोकातून करुण रस निर्माण होतो असं सांगितलं आहे. खऱ्या आयुष्यात शोक नकोसा वाटतो. कलेतला करुण रस मात्र माणूस आपण होऊन घ्यायला जातो.

या गाण्यांची दुसरी बाजू कोणती?

गाणं ऐकून रडू येतं तसा रागही येतो. येशूला कुणी मारलं, या प्रश्नाचं उत्तर 'त्यांनी' असं दिलं की तो राग कुणावर तरी निघतो.

युरोपात शतकानुशतकं हा राग ज्यूंवर निघाला. येशूच्या मृत्यूला सगळे ज्यू जबाबदार आहेत असं शिकवलं गेलं आणि पवित्र सप्ताहात अनेक ठिकाणी ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. येशू स्वतः ज्यू होता, शिक्षा रोमन सुभेदारानं दिली आणि क्रुसावर चढवणं ही रोमन शिक्षा होती, हे सगळं त्यात हरवलं.

कॅथलिक चर्चच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत ज्यूंसाठी अपमानकारक विशेषण होतं. ते पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढायला लावलं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही.

म्हणूनच ऐकणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न फक्त कवितेचा नाही. बाखच्या समूहगीतानं दोष स्वतःकडे घेतला. 'वेअर यू देअर'नं प्रश्न प्रत्येकाला विचारला. दोष दुसऱ्या समाजावर ढकलणारी गाणी आणि प्रवचनं ऐकून माणसं दगड घेऊन बाहेर पडल्याचा इतिहास आहे. धार्मिक गाण्यांच्या आणि मिरवणुकांच्या आपल्या देशात हा धडा एकाच धर्मापुरता नाही.

ख्रिस्ती नसलेल्यांना ही गाणी ऐकता येतात का?

हो. गुड फ्रायडेच्या उपासनेला साधारणपणे कुणीही जाऊन बसू शकतं. काही गोष्टी लक्षात ठेवल्या की झालं.

* गाणं किंवा वाचन संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत. शांतता ठेवतात.
* लोक गुडघे टेकतात तेव्हा तसं करायचं नसेल तर शांत बसून किंवा उभं राहिलं तरी चालतं.
* कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियन फक्त कॅथलिक लोक घेतात. इतरांनी जागेवर बसावं.
* मोबाइलवर चित्रीकरण करण्याआधी तिथल्या धर्मगुरूंना विचारावं. रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ काढू नयेत.
* या दिवशी 'हॅपी गुड फ्रायडे' असं म्हणत नाहीत. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला.